अकरा म्हणजे नेमके काय? जीलिबसीमधील नाव सांगणाऱ्या फंक्शनांचे परीक्षण

गोव्यात १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारी बंदी असते आणि ट्रॉलर जेटीला बांधलेले असताना बर्फाचे कारखाने कॉम्प्रेसरची वर्षभराची दुरुस्ती उरकून घेतात. वेर्णा औद्योगिक वसाहतीतील ज्या लहानशा कंपनीत मी काम करतो, ती या कारखान्यांसाठी तापमान व दाब नोंदवणारी यंत्रे बनवते. यंत्रात एक लिनक्स बोर्ड असतो आणि त्यावर सिरियल पोर्टवरून मोडबस या यंत्रांमधील संदेशपद्धतीने सेन्सर वाचणारा, सी भाषेत लिहिलेला प्रोग्राम चालतो. गेल्या पावसाळ्यात, बंदी उठायला आठवडा उरला असताना, कुटबण जेटीजवळच्या एका कारखान्यातून ऑपरेटरचा फोन आला. तो मालवणकडचा. "सायबानू, परत तोच आकडो इलो," एवढेच तो म्हणाला. पडद्यावर ओळ होती, 'वाचन थांबले, कारण ११'.

एखादे फंक्शन अपयशी ठरले की दोषाचा आकडा एरनो या चलात ठेवला जातो. लिनक्सवर एरनोचा ११ म्हणजे ईअगेन, अर्थात 'आत्ता देण्याजोगे काही नाही, पुन्हा प्रयत्न करा'. आम्ही तोच अर्थ धरला आणि दोन दिवस केबल, टर्मिनल, बॉड रेट आणि खाऱ्या हवेने हिरवे पडलेले तांब्याचे टोक यांत घालवले. प्रत्यक्षात तो ११ एरनोचा नव्हताच. सेन्सर वाचणारी प्रोसेस सिग्नल ११ ने, म्हणजे आपली नसलेली मेमरी हाताळल्यावर येणाऱ्या सिगसेग्व्हीने मरत होती, तिच्यावर लक्ष ठेवणारा प्रोग्राम तिला पुन्हा उभी करत होता, आणि दोन्ही प्रकारच्या घटना आमच्या कोडमधली एकच ओळ छापत होती. नव्याने जोडलेल्या सेन्सरसाठी ॲरेत जागा ठेवलेली नव्हती, इतकेच मूळ कारण होते आणि ते सापडल्यावर दुरुस्तीला दहा मिनिटेही लागली नाहीत.

या प्रसंगानंतर मी जीलिबसीमध्ये अंकांचे शब्द करणारी जी फंक्शने आहेत, ती सर्व आमच्या यंत्रांवर काही महिने वापरून पाहिली. जीलिबसी ही बहुतेक लिनक्स वितरणांत असलेली सी भाषेची मूळ लायब्ररी. ती एलजीपीएल परवान्याखाली मुक्त आहे, त्यामुळे येथे किमतीचा प्रश्न नाही. प्रश्न आहे तो हाताशी असलेली ही सोय कितपत भरवशाची आहे आणि ती कोठे पाय घसरवते, याचा. सिंधुदुर्ग-गोवा पट्ट्यात यंत्रांसाठी सी लिहिणारे बरेच जण आहेत आणि त्यांच्यापैकी अनेकांच्या लॉगमध्ये आजही उघडे आकडेच असतात, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

मुळात ही गरज का पडते, ते आधी सांगावे लागेल. सी भाषेत आकड्यांना नावे देण्यासाठी एनम (नावांची यादी) किंवा मॅक्रो (कंपाइल होण्याआधी मजकुराने बदलले जाणारे नाव) वापरतात, पण ते नाव फक्त लिहिणाऱ्यासाठी असते. मॅक्रोची नावे प्रीप्रोसेसरच्या टप्प्यावरच विरघळतात, एनमची कंपायलर पुसून टाकतो, आणि चालत्या प्रोग्रामजवळ उरतो तो केवळ पूर्णांक. डीबग माहितीसह बांधलेला प्रोग्राम जीडीबी या दोष शोधण्याच्या साधनात उघडला तर एनमची नावे पुन्हा दिसतात, पण कारखान्यात बसवलेल्या यंत्रावर जीडीबी घेऊन कोणी बसलेले नसते. त्यामुळे अंकाचे नाव हवे असेल तर ते कोणीतरी तक्त्यात लिहून ठेवलेले असावे लागते. एरनो आणि सिग्नल यांच्यापुरता तो तक्ता जीलिबसीने लिहून ठेवला आहे.

त्यांपैकी सर्वांत जुने फंक्शन स्ट्रएरर. १९८९ च्या आन्सी मानकापासून ते भाषेचा भाग आहे आणि ११ दिल्यावर ते 'रिसोर्स टेम्पररिली अनअव्हेलेबल' असे वाक्य परत देते. वाक्य वाचणाऱ्या माणसाला त्याने आधार वाटतो, हे मी मान्य करतो. परंतु वर्णन हे नावाची जागा घेऊ शकत नाही, हे काही दिवस लॉग चाळल्यावर लक्षात येते. एकच ईटाइम्डआउट जीलिबसीवर 'कनेक्शन टाइम्ड आउट' होतो आणि मसल या लहान लायब्ररीवर 'ऑपरेशन टाइम्ड आउट'. म्हणजे दोन यंत्रांचे लॉग एकत्र करून एक शब्द शोधायला गेलो तर अर्ध्या नोंदी हाती लागत नाहीत. ईनोटीटीवायचे वर्णन 'इनॲप्रोप्रिएट आयऑक्टल फॉर डिव्हाइस' असे आहे. सिरियल पोर्टऐवजी साधी फाइल उघडली गेली की ते येते, आणि ते वाचून नवख्या माणसाला पोर्टचा मार्ग चुकला आहे असे कधीही सुचणार नाही. शिवाय प्रोग्रामने सेटलोकेल या फंक्शनने भाषा निवडलेली असेल आणि त्या भाषेचे भाषांतर यंत्रावर असेल तर हे वाक्य भाषेनुसार बदलते. पडद्यासाठी हे उत्तम; लॉगसाठी अडचणीचे.

स्ट्रएररचा दुसरा दोष आता बराचसा इतिहासजमा झाला आहे. ते परत करत असलेली स्ट्रिंग सामायिक बफरमध्ये असू शकत असे, त्यामुळे एकाच प्रोग्रामात समांतर चालणाऱ्या दोन थ्रेडांनी एकाच वेळी हाक मारली तर एकाचे वाक्य दुसऱ्याच्या नोंदीत जाण्याचा धोका होता. जीलिबसी २.३२ पासून ते थ्रेडांसाठी सुरक्षित झाले आहे. त्याआधीच्या आवृत्त्यांसाठी स्ट्रएरर-आर वापरा असे सांगितले जाई, आणि या एका फंक्शनने जितका वेळ खाल्ला तितका दुसऱ्या कोणत्याही फंक्शनने खाल्ला नसेल. त्याची रूपे दोन आहेत. पॉसिक्स या युनिक्स मानकाचे रूप तुमचा बफर भरते आणि पूर्णांक परत करते, तर ग्नूचे, म्हणजे जीलिबसीचे स्वतःचे, रूप स्ट्रिंगचा पॉइंटर परत करते आणि तुमच्या बफरला बहुतेक वेळा हातही लावत नाही. कोणते रूप मिळेल, हे फाइलच्या माथ्यावर ग्नू-सोर्स मॅक्रो आहे की नाही यावर ठरते. आमच्या एका जुन्या फाइलमध्ये कोणीतरी दुसऱ्याच कामासाठी तो मॅक्रो लिहिला, त्या दिवसापासून तिथला बफर रिकामा राहू लागला, आणि लॉगमध्ये 'कारण:' या शब्दापुढे नुसती मोकळी जागा येऊ लागली. कंपाइल करताना एकही तक्रार आली नाही, कारण परत आलेले मूल्य आम्ही वापरतच नव्हतो. मसलमध्ये केवळ पॉसिक्सचे रूप आहे, म्हणून एकच कोड दोन्ही लायब्ररींवर न्यायचा असेल तर हे फंक्शन स्वतःच्या एका लहान आवरणात बंद करून ठेवावे आणि इतर कोठूनही त्याला हाक मारू नये.

आता या परीक्षणाच्या खऱ्या विषयाकडे येतो. ऑगस्ट २०२० मध्ये आलेल्या जीलिबसी २.३२ मध्ये स्ट्रएररनेम-एनपी आणि स्ट्रएररडेस्क-एनपी ही दोन फंक्शने आली, आणि ज्या जुन्या सिस-एररलिस्ट तक्त्यात लोक थेट हात घालत असत तो नव्या प्रोग्रामांसाठी त्याच आवृत्तीत बंद झाला. पहिले फंक्शन ११ दिल्यावर 'ईअगेन' हे नावच परत करते, आणि दुसरे वर्णन देते, पण कोणत्याही भाषेत भाषांतर न करता मूळ रूपात. दोन्ही थ्रेडांसाठी सुरक्षित आहेत, आणि सिग्नल हाताळणाऱ्या फंक्शनमधूनही त्यांना निर्धास्तपणे हाक मारता येते, जे स्ट्रएररबद्दल म्हणता येत नाही. यंत्र कोसळत असतानाची शेवटची ओळ लिहिण्यासाठी हा गुण लाखमोलाचा आहे.

नावाचे मोल किती, हे मला आमच्या मॅकवर काम करणाऱ्या सहकाऱ्यामुळे कळले. लिनक्सवर ईअगेन ११ आणि ईडेडलॉक ३५. मॅकवर नेमके उलटे, ईडेडलॉक ११ आणि ईअगेन ३५. म्हणजे एकाने दुसऱ्याला फोनवर 'अकरा येतोय' म्हणून सांगितले तर ऐकणाऱ्याला निरर्थक आकडा मिळत नाही, चुकीचा पण पूर्णपणे पटण्याजोगा अर्थ मिळतो. अशी चूक शोधणे फार अवघड असते, कारण कोणालाच शंका येत नाही. पुढे एका कारखान्यातल्या राउटरवरही हेच झाले. तो मिप्स प्रोसेसरचा होता आणि त्यावरून १४५ हा आकडा येत होता. माझ्या लॅपटॉपवरील तक्ता १३३ लाच संपतो, त्यामुळे मी तो कचरा समजून सोडून दिला होता. मिप्सवरील लिनक्समध्ये १४५ म्हणजे ईटाइम्डआउट, जो लिनक्सच्या इतर बहुतेक यंत्रांवर ११० असतो. आकडा हा ज्या घरात जन्मला त्या घरापुरताच खरा असतो. म्हणून त्याचे नाव त्याच यंत्रावर, त्याच क्षणी लिहून घ्यायला हवे. लॉग वेर्ण्याला आल्यावर लॅपटॉपवर त्याचा अर्थ लावू, असे म्हणणे चालत नाही. मोअरयुटिल्स संचातील एरनो ही आज्ञा आकड्याचे नाव झटकन सांगते आणि मी ती रोज वापरतो, पण तीसुद्धा ज्या यंत्रावर चालते त्याचाच तक्ता वाचते, हे विसरता कामा नये.

ही फंक्शने निर्दोष नाहीत. सर्वांत मोठा धोका असा की अनोळखी आकडा मिळाला की ती नल, म्हणजे कशाकडेही न दाखवणारा पॉइंटर, परत करतात, तर स्ट्रएरर अशा वेळी 'अननोन एरर' आणि पुढे तो आकडा असे काहीतरी हातात देते. आमच्या कामात अनोळखी आकडा ही दुर्मीळ गोष्ट नाही. लिबमोडबस ही लायब्ररी आपले स्वतःचे दोष एरनोमध्येच ठेवते आणि त्यांची मोजणी ११२३४५६७८ पासून पुढे करते; 'इल्लीगल डेटा ॲड्रेस' हा तिचा दोष ११२३४५६८० या आकड्याने येतो. हा आकडा स्ट्रएररनेम-एनपीला दिला की नल मिळतो. तो नल प्रिंटएफ या छापणाऱ्या फंक्शनला दिला तर जीलिबसी पुष्कळदा 'नल' असे शब्द छापून वेळ मारून नेते, पण नुसती स्ट्रिंग आणि नवी ओळ एवढेच छापायचे असेल तर जीसीसी हा कंपायलर त्या प्रिंटएफच्या जागी पुट्स हे साधे फंक्शन घालतो, आणि पुट्सला नल मिळाला की प्रोग्राम कोसळतो. माझा चाचणी प्रोग्राम अशाच रीतीने कोसळला. दोषाचे नाव छापण्याच्या खटपटीत तिथेच सिगसेग्व्ही यावा, हे मला फार लागले, आणि त्याच दिवशी मी नल तपासणारे आवरण लिहिले. ते आधी नाव विचारते, नाव नसेल तर लिबमोडबसच्या स्वतःच्या मोडबस-स्ट्रएररकडे जाते, आणि आकडा प्रत्येक वेळी सोबत छापते. कर्नलच्या पद्धतीने उणे अकरा परत करणारी फंक्शनेही असतात. तेथे चिन्ह बदलून घेतले नाही तर पुन्हा नलच मिळतो.

दुसरा दोष उपलब्धतेचा आहे आणि तो नेमका आमच्यासारख्यांना टोचतो. डेबियन ११ या लिनक्स वितरणात जीलिबसी २.३१ आहे, म्हणजे ही सोय एका पायरीने हुकली. उबुंटू २०.०४ चीही तीच गत. डेबियन १२ मध्ये २.३६ आणि उबुंटू २२.०४ मध्ये २.३५ असल्याने तेथे ती मिळते. मसलमध्ये ही फंक्शने नाहीत, म्हणून मसल वापरणाऱ्या ओपनडब्ल्यूआरटी या राउटरांसाठीच्या लिनक्सवर त्यांचा उपयोग नाही. नावातील एनपी म्हणजे नॉन-पोर्टेबल, असे त्यांनी स्वतःच जाहीर केलेले आहे, तेव्हा त्याबद्दल तक्रार करणे योग्य होणार नाही. पण बोर्ड निवडण्यापूर्वी आवृत्ती पाहावी. जेथे २.३५ किंवा पुढची आवृत्ती आहे तेथे आणखी एक सोय आहे. प्रिंटएफच्या टक्के-एम या जुन्या ग्नू चिन्हाने सध्याच्या एरनोचे वर्णन छापले जाते. टक्के आणि एम यांच्या मध्ये हॅश घातला की वर्णनाऐवजी नाव छापले जाते. एका अक्षराच्या बदलाने लॉगमध्ये नाव येऊ लागते, म्हणून मला हे फार आवडले. मात्र हे चिन्ह त्या क्षणीचा एरनो वाचते, आणि मध्ये दुसरे एखादे फंक्शन चालून गेले असेल तर एरनो बदललेला असू शकतो. दोष आल्या आल्या तो आपल्या चलात ठेवून घेण्याची सवय येथेही सुटता कामा नये.

सिग्नलांसाठी सिगॲब्रेव्ह-एनपी आणि सिगडेस्क्र-एनपी ही जोडी त्याच आवृत्तीत आली. त्यांत एक विसंगती आहे. दोषाचे नाव पूर्ण मिळते, पण सिग्नलचे नाव पुढचा 'सिग' गाळून मिळते, म्हणजे ११ साठी नुसते 'सेग्व्ही'. एकाच दिवशी आलेल्या दोन जोड्यांनी नावाबद्दल दोन वेगळे रिवाज पाळावेत, हे मला पटलेले नाही. 'सिग' आम्ही स्वतः जोडतो आणि नोंदीत आकड्याआधी 'एरनो' किंवा 'सिग्नल' असे कुळाचे नावही लिहितो. कुटबणच्या त्या ओळीत एवढा एक शब्द असता तर आमचे दोन दिवस वाचले असते.

मेमरीतील पत्त्यांवरून फंक्शनांची नावे सांगणारी बॅकट्रेस-सिंबल्स ही सोयही जीलिबसीतच आहे. तिच्याबद्दल थोडक्यात सांगायचे तर प्रोग्रामची जोडणी (लिंकिंग) करताना आर-डायनॅमिक हा पर्याय दिल्याशिवाय तिला आपल्या प्रोग्रामातील बहुतेक नावे दिसत नाहीत, आणि स्टॅटिक फंक्शने तो देऊनही दिसत नाहीत. कोसळताना वापरायची असेल तर तिचे एफडी असलेले रूप घ्यावे, कारण ते मेमरी मागत नाही. पुढचे काम पत्त्यावरून कोडमधील ओळ सांगणाऱ्या ॲडर-टू-लाइन या साधनाने घरी बसून करता येते.

एका बाबतीत मात्र कोणतीही लायब्ररी मदत करत नाही, आणि ती म्हणजे आपले स्वतःचे एनम. आमच्या यंत्रात कॉम्प्रेसरच्या अवस्था होत्या, बंद, सुरू, थंडावणे, बर्फ सोडणे, आणि शेजारच्या फाइलमध्ये त्याच क्रमाने लिहिलेला नावांचा ॲरे होता. कोणीतरी एनमच्या मधोमध 'तेल गरम करणे' ही अवस्था घातली आणि ॲरेला ती सांगायची राहिली. त्यानंतर कित्येक दिवस कॉम्प्रेसर थंडावत असताना लॉगमध्ये 'बर्फ सोडणे' अशी नोंद होत होती. आकडा बरोबर, शब्द खोटा. आणि माणूस शब्दावर विश्वास ठेवतो. यावर सी भाषेतील जुनाच उपाय आम्ही स्वीकारला. अवस्थांची एकच यादी मॅक्रोच्या रूपात लिहायची, तिच्यापासून एकदा एनम तयार करायचा, आणि प्रीप्रोसेसरच्या हॅश चिन्हाने त्याच नावांच्या स्ट्रिंग करून स्विचच्या शाखा तयार करायच्या. प्रोग्रामर याला एक्स-मॅक्रो म्हणतात. दिसायला तो सुबक नाही, नवीन माणसाला समजावून सांगावा लागतो, पण यादी एकच असल्याने दोन गोष्टी एकमेकींपासून ढळूच शकत नाहीत. ज्यांना मॅक्रो नकोसा वाटतो त्यांनी निदान स्विच हाताने लिहावा आणि त्यात डिफॉल्ट शाखा ठेवू नये. मग डब्ल्यू-ऑल पर्यायासह कंपाइल करताना राहून गेलेल्या अवस्थेबद्दल जीसीसी स्वतःच सावध करतो. डिफॉल्ट घातला की ही सूचना गप्प होते.

आमच्या नोंदीत आता कुळ, नाव, आकडा आणि भाषांतर न केलेले वर्णन या क्रमाने चार गोष्टी येतात. पडद्यावर काय दिसावे याचा मराठी तक्ता आम्ही वेगळा केला आहे आणि त्याची किल्ली आकडा नसून नाव आहे, त्यामुळे एकच तक्ता आर्म बोर्डावरही चालतो आणि मिप्स राउटरवरही. ईनोस्पेसपुढे 'नोंद ठेवायला जागा उरली नाही' आणि ईटाइम्डआउटपुढे 'सेन्सरकडून वेळेत उत्तर आले नाही' असे लिहिले आहे. जीलिबसीच्या लोकेलांत मराठी आणि कोकणी दोन्ही आहेत, तेव्हा कोकणी तक्ता त्याच किल्ल्यांवर बसवण्याचे काम सुरू आहे. त्यातील शब्द ऑपरेटरांना विचारूनच ठरवत आहोत.

स्ट्रएररनेम-एनपी मी आता प्रत्येक नव्या यंत्रावर वापरतो आणि जीलिबसी २.३२ किंवा पुढची आवृत्ती असलेल्या कोणालाही, नल तपासण्याच्या अटीवर, ते वापरण्यास सांगेन. स्ट्रएरर केवळ पडद्यापुरते ठेवावे. स्ट्रएरर-आर नव्या कोडमध्ये आणूच नये. आमच्या दोन कारखान्यांत अजून डेबियन ११ चे बोर्ड आहेत. तेथे हेडर फाइलमधील नावांवरून बांधलेला आमचाच तक्ता काम करतो, आणि येत्या १ जूनला ट्रॉलर जेटीला लागले की ते बोर्ड बदलायचे ठरले आहे.